टीएसडीआर मिथायलेशन: महिला दात्यांच्या टी-रेगचे आकडे ५४ टक्क्यांवरच का अडतात?

श्वेतपेशी (प्रश्न):

नमस्कार मंडळी. मानवी रक्तातल्या टी-रेग पेशींवर (प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या टी पेशी) फॉक्सपी३ जनुकाच्या टीएसडीआरचं, म्हणजे खऱ्या टी-रेगमध्येच मिथायल खुणा निघालेल्या डीएनए पट्ट्याचं, बायसल्फाइट पायरोसिक्वेन्सिंग (या खुणा टक्क्यांत मोजणारी पद्धत) चालू आहे. सॉर्ट (पृष्ठभागावरच्या प्रथिनांवरून पेशी वेचणं) सीडी४ पॉझिटिव्ह, सीडी२५ हाय, सीडी१२७ लो असा. पुरुष दात्यांत मिथायलेशन ५ ते ७ टक्के येतंय, म्हणजे पुस्तकात असतं तसं. महिला दात्यांत मात्र ५३ ते ५५. एका महिला दात्याचं तर ७१ आलं. तिच्या जेमतेम ८,००० पेशी मिळाल्या होत्या, बाकीच्यांच्या ५० ते ८० हजार.

दुसरी गोची आय-टी-रेगची, म्हणजे साध्या टी पेशींपासून प्रयोगशाळेत बनवलेल्या टी-रेगची. पुरुष दात्यांच्या नाइव्ह (अजून उत्तेजित न झालेल्या) सीडी४ पेशी, उत्तेजनासाठी सीडी३/सीडी२८ बीड्स, शिवाय संकेत देणारी प्रथिनं: टीजीएफ-बीटा ५ नॅनोग्रॅम प्रति मिली, आयएल-२ १०० युनिट प्रति मिली. सहाव्या दिवशी फ्लोवर (पेशीगणिक प्रथिन मोजणारं यंत्र) ८५ टक्के पेशी फॉक्सपी३ पॉझिटिव्ह, पण टीएसडीआर ८८ टक्के मिथायलेटेड. व्हिटॅमिन सी घातलं तर ८४.

बायसल्फाइट किट नीट चालत नाहीये का? की पेशीच तशा आहेत? ८८ वरून ८४ ला काही अर्थ आहे का?

एक्सदोन:

किटला आधी निर्दोष सोडा. फॉक्सपी३ एक्स गुणसूत्रावर आहे. महिलांच्या प्रत्येक पेशीत एक एक्स निष्क्रिय असतो आणि त्याच्यावरचा टीएसडीआर टी-रेगमध्येसुद्धा मिथायलेटेडच राहतो. म्हणजे शंभर टक्के शुद्ध टी-रेग असल्या तरी महिला दात्यात आकडा ५०च्या खाली जायला नको. कुठला एक्स बंद आहे, आईकडचा की वडिलांकडचा, याने काही फरक पडत नाही, कारण पेशीगणिक एक बंद असतोच.

हिशेब असा करा. १०० मधून मिथायलेशन वजा केलं की डीमिथायलेशन मिळतं. पुरुषात तो आकडा थेट टी-रेगचं प्रमाण, महिलेत त्याची दुप्पट. तुमचे ५४ म्हणजे ४६ डीमिथायलेटेड, दुप्पट ९२. पुरुषांचे ६ म्हणजे ९४. दोन्ही गट एकच गोष्ट सांगताहेत. अहवालात मात्र कच्चा आकडा आणि दुरुस्त आकडा दोन्ही द्या. नुसता दुरुस्त आकडा दिला की दुसरा कोणी त्यालाच पुन्हा दोनने गुणतो. उंदरांवर काम करणारे बरेच जण नर उंदीरच घेतात त्यामागे हेही एक कारण आहे.

एक पडताळा सुचवतो. ओहकुरा, साकागुची वगैरेंनी २०१२ मध्ये दाखवलं की टी-रेगमध्ये फॉक्सपी३ बरोबरच सीटीएलए४, आयएल२आरए, हेलिऑससाठीचं आयकेझेडएफ२, जीआयटीआरसाठीचं टीएनएफआरएसएफ१८ अशा जनुकांतही ठरावीक जागा डीमिथायलेटेड असतात. ही जनुकं एक्सवर नाहीत. तिथे दोनने गुणायची भानगड नाही, म्हणून महिला दात्यांसाठी त्यातली एखादी जागा शेजारी लावून बघा. तो अभ्यास उंदरांवरचा होता. मानवी जागेचे प्रायमर (पीसीआर सुरू करणारे छोटे डीएनए तुकडे) स्वतः बसवून, तुमच्या टी-कॉन्व्ह (टी-रेग नसलेल्या साध्या टी) पेशींवर ती जागा खरंच मिथायलेटेड दिसते का हे आधी तपासावं लागेल.

आय-टी-रेगचे ८८ ही चूक नाही, तो खरा निकाल आहे. मानवी सीडी४ पेशी उत्तेजित झाल्या की टी-रेग नसल्या तरी काही दिवस फॉक्सपी३ दाखवतात, आणि टीजीएफ-बीटा असला की भरभरून दाखवतात. पण टीएसडीआर बंदच राहतो. फ्लोवरचे ८५ टक्के म्हणजे 'या क्षणी प्रथिन आहे', इतकंच. ते पुढच्या पिढीतल्या पेशींत टिकेल का, याचं उत्तर टीएसडीआर देतो. रुडेन्स्की गटाच्या २०१० च्या उंदरांवरच्या कामात फॉक्सपी३चे तीन नियंत्रक डीएनए तुकडे (सीएनएस१, २, ३) स्वच्छ वेगळे झाले: सीएनएस१ काढला की आतड्यासारख्या ठिकाणी टीजीएफ-बीटामुळे तयार होणाऱ्या टी-रेग कमी होतात. सीएनएस२ काढला, म्हणजे हाच आपला टीएसडीआर, की फॉक्सपी३ सुरू होतो पण पेशी विभागत गेल्या की टिकत नाही. सीएनएस३ गेला की सुरू होण्याचंच प्रमाण घटतं.

२०२५ च्या नोबेलनंतर, म्हणजे ब्रन्को, रॅम्सडेल आणि साकागुची यांना मिळालं तेव्हापासून, बातम्यांत फॉक्सपी३ ला 'मास्टर स्विच' म्हणायची साथ आली आहे. बातमीपुरतं ठीक. बेंचवर तो स्विच दाबलेला आहे की खिळा मारून पक्का केलेला आहे, हा फरक महत्त्वाचा.

पिपेटधारी:

एक्सदोन यांच्याशी सहमत, पण किटला इतक्या लवकर जामीन देऊ नका. पायरोग्राम (यंत्राचा आलेख) उघडा आणि सीपीजी नसलेल्या, म्हणजे सीच्या पुढे लगेच जी नसलेल्या, जागचा सी बघा. डिस्पेन्सेशन क्रमात (यंत्र एकेक बेस टाकतं तो क्रम) अशा एका जागी मुद्दाम सी टाकलेला असतो. बायसल्फाइटने मिथायल खूण नसलेला सी टी म्हणून वाचला जातो, म्हणून तिथला सगळा सी, टी व्हायला हवा. त्या जागी सपाट बेसलाइनऐवजी शेजारच्या शिखराच्या ४-५ टक्के उंचीचा टेंगूळ दिसला की रूपांतर अपुरं आहे, आणि मग सगळेच आकडे वर सरकलेले समजा.

अपुऱ्या रूपांतराचं नेहमीचं कारण रसायन नसतं, डीएनए नीट सुटा न होणं असतं. बायसल्फाइट फक्त एकेरी धाग्यावर चालतं. फॉक्सपी३ स्टेन करून, म्हणजे फॉर्मल्डिहाइडने फिक्स केलेल्या पेशी सॉर्ट केल्या असतील तर आधी क्रॉसलिंक सोडवा: प्रोटीनेज के घालून रात्रभर ५६ अंशांवर, मग तासभर ९० अंशांवर, मग कॉलम. ही पायरी गाळली की प्रथिनं डीएनएला चिकटलेली राहतात, धागे उकलत नाहीत, आणि रीडिंग खोटं चढतं. जिवंत पेशी पृष्ठभागावरच्या मार्करवर सॉर्ट केल्या असतील तर हा प्रश्न येत नाही. एका रिअ‍ॅक्शनमध्ये २०० ते ५०० नॅनोग्रॅम डीएनए पुरे. २ मायक्रोग्रॅमच्या वर कोंबला तरी हाच त्रास. उलट बाजूने, गरम अवस्थेत नको तितका वेळ ठेवलं तर मिथायलेटेड सीसुद्धा टी होऊ लागतो आणि डीएनएचे तुकडे पडतात ते वेगळेच.

पीसीआरला साधा हॉट-स्टार्ट टॅक वापरा. फ्यूजन, पीएफयू असले प्रूफरीडिंग एन्झाइम युरॅसिल दिसलं की जागच्या जागी थांबतात, आणि रूपांतरित डीएनए युरॅसिलने भरलेला असतो, कारण सी आधी युरॅसिल होतो. युरॅसिल चालवून घेणाऱ्या त्यांच्या आवृत्त्या मिळतात, त्या चालतील. प्रायमर २५ ते ३० बेसचे, आत एकही सीपीजी नको, अँप्लिकॉन (पीसीआरने वाढवलेला तुकडा) ३०० बेसच्या आत. प्रत्येक प्लेटवर ०, २५, ५०, ७५, १०० टक्के मिश्रणं लावा. १०० टक्क्यांसाठी एम.एसएसएसआय (मिथायल खूण लावणारं एन्झाइम) आणि एसएएमने (मिथायल पुरवणारा रेणू) मिथायलेट केलेला डीएनए, शून्यासाठी संपूर्ण जीनोम अँप्लिफाय केलेला डीएनए, कारण फाय२९ पॉलिमरेज प्रती काढताना मिथायल खुणा उचलत नाही. मिश्रणाची ओळ सरळ न येता ५० च्या जागी ३८ किंवा ६२ वाचत असेल तर पीसीआर एका प्रकारच्या धाग्याला झुकतं माप देतोय. आधी अ‍ॅनीलिंग तापमान बदलून बघा, नाही सुधारलं तर प्रायमर बदला. वक्राने दुरुस्ती करता येते, पण तो शेवटचा उपाय.

आता ते ७१. ८,००० पेशी ऐकून लगेच 'आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार' असं वाटतं, पण आकडेमोड करू. महिला दाता म्हणजे ८,००० पेशींत टीएसडीआरच्या १६,००० प्रती. कॉलमवर निम्म्या गेल्या, राहिल्या ८,०००. बायसल्फाइटमध्ये ९० टक्के फुटल्या असं धरू, ८००. त्या २० मायक्रोलिटरमध्ये काढून २ मायक्रोलिटर पीसीआरला, म्हणजे ८० रेणू. ५० टक्क्यांच्या आसपास ८० रेणूंची नुसत्या निवडीमुळे होणारी चूक साडेपाच टक्क्यांची. ५४ ऐवजी ७१ म्हणजे १७ चा फरक, चुकीच्या तिप्पट. रेणू थोडे आहेत हे खरं, पण सगळं बिल त्यांच्या नावावर फाडता येणार नाही.

तोडगा सोपा आहे. त्याच बायसल्फाइट डीएनएवरून तीन वेगळे पीसीआर लावा. तिन्ही ५५, ७०, ८० असे विखुरले तर रेणूंचा तुटवडा. तिन्ही ७० ला चिकटून आले तर पेशी बघा. एकाच पीसीआरचे तीन पायरो रन म्हणजे रेप्लिकेट नव्हे, ते फक्त यंत्राची चूक मोजतात.

श्वेतपेशी:

मनापासून आभार. जिवंत पेशीच सॉर्ट केल्या आहेत. सीपीजी नसलेल्या सीचं रीडिंग सगळ्या नमुन्यांत १ टक्क्याच्या आत. ५० टक्क्यांचं मिश्रण ५२ वाचतं. ७१ वाल्या दात्याच्या डीएनएवरून तीन स्वतंत्र पीसीआर लावले: ६९, ७३, ७०.

म्हणजे पेशीच? पण सॉर्टनंतरची शुद्धता ९६ टक्के होती. गेट (कुठल्या पेशी वेचायच्या ती चौकट) सगळ्यांना एकच: सीडी४ पेशींपैकी सीडी२५ सर्वांत जास्त असलेल्या वरच्या ८ टक्के, त्यातल्या सीडी१२७ लो.

गेटबाहेर:

सापडलं. 'वरच्या ८ टक्के' हाच घोळ.

सॉर्टनंतरची ९६ टक्के शुद्धता म्हणजे तुमच्या गेटमधल्या पेशी तुमच्याच गेटमध्ये परत पडल्या. त्या टी-रेग आहेत का, हे ती सांगतच नाही. ज्या दात्याच्या टी-रेगच मुळात ४-५ टक्के आहेत तिच्यात वरच्या ८ टक्क्यांची रेघ खाली सरकते आणि मधल्या सीडी२५ वाल्या स्मृतिपेशी आत येतात. सीडी१२७ने त्या अडत नाहीत, कारण उत्तेजित टी-कॉन्व्ह पेशीसुद्धा सीडी१२७ खाली आणतात. दुरुस्त हिशेब बघा: १०० वजा ७१ म्हणजे २९, दुप्पट ५८. पाचातल्या दोन पेशी टी-रेग नव्हत्या.

मियारा आणि साकागुची गटाने २००९ मध्ये मानवी फॉक्सपी३ पॉझिटिव्ह पेशींचे तीन भाग पाडले ते इथे कामाला येतात. सीडी४५आरए पॉझिटिव्ह, फॉक्सपी३ कमी: विश्रांतीतल्या खऱ्या टी-रेग. सीडी४५आरए निगेटिव्ह, फॉक्सपी३ जास्त: सक्रिय खऱ्या टी-रेग. सीडी४५आरए निगेटिव्ह, फॉक्सपी३ कमी: या टी-रेग नव्हेत, आयएल-२ आणि इंटरफेरॉन-गॅमा सोडतात, आणि यांचा टीएसडीआर बहुतांशी मिथायलेटेड. तुमच्या त्या नमुन्यात हा तिसरा भाग घुसलाय अशी दाट शंका.

पॅनेलमध्ये सीडी४५आरए घाला आणि सीडी२५ विरुद्ध सीडी४५आरए असा प्लॉट काढा. डाव्या वरच्या कोपऱ्यात सीडी४५आरए निगेटिव्ह आणि सीडी२५ अतिउच्च असा एक छोटा ढग दिसतो, त्याच्या खालीच सीडी२५ मध्यम असलेला पसरट पट्टा. गेटची रेघ त्या दोघांच्या मध्ये, प्रत्येक दात्याला स्वतंत्र, एफएमओ कंट्रोल (एक रंग वगळून केलेला नमुना) बघून. टक्केवारीवर गेट ठरवायची सवय सोडा. ढग स्पष्ट नसेल तर घट्ट गेट घ्या, पेशी कमी पडल्या तर पडल्या.

आणि सॉर्टनंतर ५,००० पेशी बाजूला ठेवून फॉक्सपी३ आणि हेलिऑस स्टेन करा. शुद्धतेचा तो आकडा निदान खोटं समाधान तरी देत नाही. पेशींचा अंदाजही आधी बांधा: १० मिली रक्तातून ढोबळ १ कोटी पीबीएमसी (रक्तातल्या एककेंद्रकी पेशी), त्यात ४० लाख सीडी४, त्यातल्या ५ टक्के म्हणजे २ लाख, सॉर्टरमधून हाती लागतील लाखभर. घट्ट गेटवर ३०-४० हजार आल्या तरी पायरोला पुरतात. १० हजारांच्या खाली गेलात तर कॉलम टाळून पेशींवर थेट चालणारं बायसल्फाइट किट घ्या.

विभाजन:

व्हिटॅमिन सीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

८८ आणि ८४ मध्ये सध्या तरी काही वाचू नका. पायरोसिक्वेन्सिंगची एका जागेची नेमकेपणाची मर्यादा साधारण ५ टक्के. पण त्याहून मोठी अडचण वेगळी आहे. व्हिटॅमिन सी टेट एन्झाइममधलं लोह फेरस अवस्थेत ठेवतं, टेट ५-मिथायलसायटोसिनचं ५-हायड्रॉक्सीमिथायलसायटोसिन करतं. बायसल्फाइटला हे दोन्ही सारखेच दिसतात, दोन्ही 'मिथायलेटेड' म्हणून वाचले जातात. म्हणजे टेटने काम सुरू केलेलं असूनही तुमचा आकडा हलत नाही. खरी घसरण दिसते ती पुढे: एकतर टेट आणखी दोन पायऱ्या नेतं आणि दुरुस्ती यंत्रणा तो बेस काढून साधा सी बसवते, किंवा पेशी विभागते आणि नव्या धाग्यावर डीएनएमटी१ हे एन्झाइम ती खूण नीट उतरवत नाही. दोन्हीला वेळ लागतो, दुसऱ्याला तर विभाजनच लागतं. म्हणून सेलट्रेस रंग लावून पेशी किती वेळा विभागल्या ते बघा आणि विभाजनांनुसार सॉर्ट करून टीएसडीआर मोजा. सरसकट सगळ्या पेशींची सरासरी काढली की न विभागलेल्या पेशी फरक झाकून टाकतात.

कुठलं व्हिटॅमिन सी आणि कधी घातलंत? साधं एस्कॉर्बिक अ‍ॅसिड माध्यमात काही तासांत ऑक्सिडाइज होतं, वर हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होऊन पेशी मरतात. एस्कॉर्बिक अ‍ॅसिड २-फॉस्फेट घ्या. ५०, १००, २५० मायक्रोमोलर अशी चढती मात्रा लावा, माध्यम बदलताना दर दोन दिवसांनी पुन्हा घाला. आरपीएमआय १६४० मध्ये व्हिटॅमिन सी मुळातच नसतं, त्यामुळे तुमचा 'न घातलेला' कंट्रोल म्हणजे जवळपास शून्य पातळी. शरीरात अशी स्थिती नसते.

सीडी२८ चा जोरही तपासा. सीडी३/सीडी२८ बीड्स सहा दिवस तशाच ठेवल्या तर पीआय३के-एकेटी-एमटॉर हा वाढीचा संकेतमार्ग सतत चालू राहतो आणि फॉक्सपी३ ला मारक ठरतो. दोन-तीन दिवसांनी चुंबकाने बीड्स काढा. साकागुचींच्या गटाने २०२० मध्ये उंदरांच्या पेशींत सीडी२८ चा संकेत वगळूनच टीएसडीआरच्या डीमिथायलेशनला चालना दिली होती. मानवी नाइव्ह पेशी सीडी२८ शिवाय नीट वाढत नाहीत, तेव्हा जसंच्या तसं उचलू नका, पण मात्रा कमी करून बघण्यासारखं आहे.

आणि फरक दिसलाच तर हुरळून जाण्याआधी सुरुवातीच्या पेशी तपासा. 'नाइव्ह' म्हणून घेतलेल्यांत १-२ टक्के नैसर्गिक टी-रेग शिरल्या असतील तर दिवस शून्याला पायरो ते दाखवणार नाही, ५ टक्क्यांच्या खालचं त्याला दिसतच नाही. आयएल-२ मध्ये त्या सहा दिवसांत वाढतात आणि तुमचे १०-१५ टक्के डीमिथायलेशन त्यांचंच असू शकतं. सीडी४५आरए पॉझिटिव्ह आणि सीडी२५ निगेटिव्ह असं कडक गेट लावा, आणि दिवस शून्यासाठी डीमिथायलेटेड प्रतीच वेचून मोजणारा क्यूपीसीआर वापरा. तो १ टक्क्याच्या खालीसुद्धा पकडतो.

एक्सदोन:

@विभाजन, मग ऑक्सिडेटिव्ह बायसल्फाइट का सुचवत नाही? दोन्ही खुणा वेगळ्या कळतील.

विभाजन:

कळतील, पण वजाबाकीने. एका नळीत साधं बायसल्फाइट, दुसरीत आधी ऑक्सिडेशन, मग फरक. दोन्ही मोजमापांत ५-५ ची चूक असेल तर फरकातली चूक ७ ची होते, आणि ऑक्सिडेशनमध्ये डीएनए आणखी झिजतो. ४ टक्क्यांच्या फरकासाठी हा खर्च वाया. वेगवेगळ्या विभाजनांत फरक २०-२५ पर्यंत पोचला तर जरूर करा. एन्झाइमॅटिक मिथायल-सिक्वेन्सिंगने डीएनए कमी तुटतो, पण या दोन खुणा तेही वेगळ्या करत नाही, हे लक्षात असू द्या.

पिपेटधारी:

एक अवांतर. टीएसडीआरबरोबर हिस्टोन खुणा बघायचा मोह झाला तर ५० हजार टी-रेगवर कट-अँड-टॅग (हिस्टोन खुणा डीएनएवर कुठे आहेत ते शोधणारी पद्धत) चालतं, पण त्या पद्धतीत पेशी कॉन्कॅनाव्हॅलिन ए बीड्सला बांधतात, आणि कॉन्कॅनाव्हॅलिन ए हे टी पेशींना उत्तेजित करायला फार पूर्वीपासून वापरलं जाणारं प्रथिन आहे. अख्ख्या जिवंत पेशी बांधल्यात तर टी-रेग तिथेच जाग्या होणार. आधी केंद्रकं काढा, सगळं बर्फावर करा, मगच बीड्स. जास्त ईडीटीए असलेला बफर आणू नका, कॅल्शियम गेलं की बीड्सची पकड सुटते. टीएन५ (डीएनए कापणारं एन्झाइम) बांधल्यानंतरच्या धुण्यात ३०० मिलिमोलर मीठ ठेवा, नाहीतर ते अँटिबॉडी सोडून उघड्या क्रोमॅटिनवर बसतं आणि तुमची एच३के२७एसी ही हिस्टोन खूण एटॅक-सीकसारखी (नुसतं उघडं क्रोमॅटिन दाखवणारी पद्धत) दिसायला लागते.

श्वेतपेशी:

साधं एस्कॉर्बिक अ‍ॅसिडच होतं, तेही फक्त पहिल्या दिवशी. २-फॉस्फेट मागवलंय.

पुढची मांडणी अशी करतोय: दोन पुरुष, दोन महिला दाते. प्रत्येकाच्या टी-कॉन्व्ह, सीडी४५आरए पॉझिटिव्ह टी-रेग आणि सीडी४५आरए निगेटिव्ह सीडी२५ अतिउच्च टी-रेग वेगळ्या. सीडी२५ मध्यम पट्टाही मुद्दाम सॉर्ट करतो, त्यातच मिथायलेशन सापडलं तर ७१ चा उलगडा होईल. आय-टी-रेग फक्त पुरुष दात्यांच्या, सेलट्रेस लावून, बीड्स तिसऱ्या दिवशी काढून.

गेटबाहेर:

बरोबर. ७१ वाल्या दात्याचं रक्त पुन्हा मिळालं तर मध्यम पट्टा तिच्यातच काढा, दुसऱ्याच्या पट्ट्यावरून तिचा निवाडा करू नका. महिलेच्या टी-कॉन्व्हचं मिथायलेशन ९५ च्या वर यायला हवं, तिथे दोनने गुणायला काही उरत नाही. ते ८५ आलं तर गेटच्या आधी कॉम्पेन्सेशन (रंगांच्या गळतीची वजाबाकी) तपासा, सीडी२५ चा पीई रंग सीडी१२७ च्या वाहिनीत सांडत असेल.